प्रश्नही क्लायंटचे, उत्तरंही क्लायंटची: वैयक्तिक प्रश्नावली नेमकं काय मोजते?

पेट सुटली, गाइड मिळाले, विषयही ठरला: 'समुपदेशनाचा अमुक गटावर होणारा परिणाम'. मग सिनॉप्सिसमध्ये 'मापनाची साधने' हा मथळा येतो आणि तिथं बहुतेक जण एखाद्या प्रसिद्ध प्रश्नावलीचं नाव लिहून मोकळे होतात. अलीकडे मात्र काही जण विचारतात, "वैयक्तिक प्रश्नावली वापरली तर चालेल का? म्हणजे त्रासाची यादी आपण द्यायची नाही, क्लायंटनंच लिहायची."

यावर साधारण दोन प्रकारची उत्तरं मिळतात. एक गट म्हणतो, ज्यानं त्यानं आपापला पेपर काढला तर निकाल कसा लावणार? हे संशोधनच नव्हे. दुसरा गट म्हणतो, माणसाच्या स्वतःच्या शब्दांतला त्रास मोजणं हीच खरी मोजणी, बाकी सगळे फॉर्म छापील. मला दोन्ही उत्तरं घाईची वाटतात. ही प्रश्नावली प्रश्न योग्य विचारते, यात मला शंका नाही. अडचण पुढं आहे. तिच्यातून आलेल्या आकड्याला आपण जे बोलायला लावतो, ते बऱ्याचदा त्या आकड्याच्या कुवतीबाहेरचं असतं. ते कसं, हे एका भारतीय प्रयोगाच्या आधारे बघू.

आधी साधन समजून घेऊ

कल्पना जुनी आहे. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात काम करणारे मानसशास्त्रज्ञ एम. बी. शापिरो यांनी १९६१ मध्ये एकेका रुग्णाचा बदल त्याच्याच तक्रारींवरून मोजण्याची पद्धत मांडली. मूळ पद्धत किचकट होती. रुग्णाची तक्रार घेऊन तिची वेगवेगळ्या तीव्रतेची विधानं बनवायची, ती जोड्या-जोड्यांनी त्याच्यापुढं ठेवायची आणि उत्तरं एकमेकांशी जुळतात का तेही तपासायचं. वेळ भरपूर लागायचा.

पुढं रॉबर्ट इलियट यांनी ती सुटसुटीत केली. क्लायंट आणि मुलाखतकार मिळून साधारण दहा त्रास निवडतात, ते क्लायंटच्या शब्दांत एकेका ओळीत लिहितात आणि गेल्या आठवड्यात प्रत्येकानं किती छळलं याला १ ते ७ गुण देतात. दर आठवड्याला तोच कागद. त्याच कुळातली आणखी दोन साधनं लक्षात ठेवा. ब्रिटनमधल्या प्राथमिक आरोग्यसेवेसाठी बनलेलं एका पानाचं 'सायक्लॉप्स', आणि मुलांसाठीचं 'यूथ टॉप प्रॉब्लेम्स', थोडक्यात वायटीपी. वायटीपी जॉन वाइझ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलं. यात मुलानं सांगितलेले मुख्य तीन त्रास घेतात आणि प्रत्येकाला ० ते १० गुण देतात.

छापील फॉर्ममधून काय निसटतं?

पीएचक्यू-९ घ्या. नैराश्यासाठी नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता वगैरेंचं काय झालं ते विचारतात. उपयोगी साधन आहे, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. पण समजा, एखादी बाई समुपदेशकाला म्हणाली, "घरात माझं कुणी ऐकूनच घेत नाही, त्यानं जीव नुसता कासावीस होतो." या वाक्याला त्या नऊ ओळींत जागा नाही. झोपेच्या आणि मन न लागण्याच्या रकान्यांत त्याची सावली पडेल, एवढंच. चार महिन्यांनी ती घरात बोलायला लागली, पण झोप आधीसारखीच राहिली, तर फॉर्म सांगेल: फारसा फरक नाही.

ही नुसती कल्पना नाही. 'सायक्लॉप्स'वर लोकांनी काय लिहिलं हे मार्क ॲशवर्थ आणि सहकाऱ्यांनी 'कोअर-ओएम' या ब्रिटनमधल्या नेहमीच्या ३४ प्रश्नांच्या फॉर्मशी ताडून पाहिलं. निम्म्याहून अधिक लोकांच्या कागदावर अशी किमान एक गोष्ट होती, जी त्या चौतीस प्रश्नांत बसतच नव्हती.

आपल्याकडं या मुद्द्याला भाषेचीही बाजू आहे. इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणायची तर भाषांतर, उलट भाषांतर, तज्ज्ञांची तपासणी हे सगळं करावं लागतं, आणि एवढं करूनही 'डाउन' वाटणं म्हणजे नेमकं काय हे वाचणाऱ्यावरच राहतं. वैयक्तिक प्रश्नावलीत भाषांतर करायचं ते फक्त सूचनांचं आणि गुणांच्या पट्टीचं. मजकूर मालवणीत आला तर मालवणीत, वऱ्हाडीत आला तर वऱ्हाडीत. पण पट्टी सोपी समजू नका. "जरा त्रास होतो" म्हणणारा माणूस कधी खरंच जरासं सांगत असतो, तर कधी सभ्यपणानं पुष्कळ झाकत असतो.

एक प्रयोग, दोन पट्ट्या

आता मुख्य उदाहरण. गोव्यात सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेच्या 'प्राइड' प्रकल्पातली एक चाचणी २०२० मध्ये लॅन्सेटच्या बाल आणि किशोर आरोग्याच्या नियतकालिकात आली. पहिले लेखक डॅनियल मायकलसन. दिल्लीतल्या सहा सरकारी शाळा, नववी ते बारावीची २५० मुलंमुली. निम्म्यांना शाळेतच समुपदेशक भेटले. हे व्यावसायिक मानसशास्त्रज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले सामान्य पदवीधर होते. तीन आठवड्यांत चार-पाच छोट्या भेटी, आणि 'समस्या कशी सोडवायची' याच्या पुस्तिका. उरलेल्या निम्म्यांना फक्त पुस्तिका.

परिणाम मोजायला संशोधकांनी दोन मुख्य साधनं आधीच जाहीर केली होती. एक वायटीपी, म्हणजे मुलाचे स्वतःचे तीन त्रास. दुसरं एसडीक्यू, म्हणजे जगभर वापरला जाणारा २५ विधानांचा छापील फॉर्म. त्यातल्या २० विधानांवरून ० ते ४० असा अडचणींचा एकूण गुण निघतो.

सहा आठवड्यांनी काय दिसलं? वायटीपीवर समुपदेशन मिळालेला गट दुसऱ्या गटापेक्षा सरासरी साधारण १ गुणानं जास्त उतरला (९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.३८ ते १.६३). एसडीक्यूवर फरक ०.८६ गुणांचा, पण इंटरव्हल उणे ०.४१ ते २.१४. त्यात शून्य येतं, म्हणजे रूढ भाषेत 'फरक लक्षणीय नाही'.

तीच मुलं, तोच उपचार, तोच आठवडा. एक पट्टी म्हणते फरक पडला, दुसरी म्हणते सांगता येत नाही. या निकालाच्या सेमिनारी चर्चेत मला दोन वाक्यं नेहमी ऐकू येतात. "म्हणजे वैयक्तिक साधन जास्त संवेदनशील." किंवा, "म्हणजे खरा फरक पडलाच नाही, मुलांना फक्त तसं वाटलं." दोन्ही वाक्यांना घाई झाली आहे.

पहिली गोष्ट साध्या संख्याशास्त्राची. एक निकाल लक्षणीय आणि दुसरा अलक्षणीय असला, म्हणून त्या दोघांतला फरक लक्षणीय ठरत नाही. दोन्ही निकाल एका मापात आणले तर वायटीपीचा परिणाम आकार साधारण ०.३६ येतो आणि एसडीक्यूचा ०.१६. पण एसडीक्यूचा इंटरव्हल त्याच मापात वरच्या बाजूला ०.४० पर्यंत जातो. म्हणजे ०.३६ त्याच्या आतच बसतो. दोन पट्ट्यांनी एकमेकींविरुद्ध साक्ष दिली, असं या आकड्यांवरून ठामपणे म्हणता येत नाही. एकीनं स्पष्ट सांगितलं, दुसरी पुटपुटली, इतकंच.

दुसरी गोष्ट मजकुराची. एसडीक्यूमध्ये चुळबूळ, भांडणं, खोटं बोलणं, मित्र असणं-नसणं असं बरंच काही आहे. मुलानं 'परीक्षेच्या भीतीनं वाचलेलं डोक्यात राहत नाही' हा त्रास घेऊन चार भेटी काढल्या, तर यातली बरीच विधानं हलायचं कारणच नाही. उपचार एका खोलीत झाला आणि आपण सगळ्या घराचं तापमान मोजलं, असं काहीसं. उलट वायटीपीत जे लिहिलं, साधारण त्यावरच भेटींमध्ये काम झालं. हे त्याचं बळ आहे आणि इथंच शंकेलाही जागा आहे. जो धडा शिकवला त्यावरच पेपर काढला, तर गुण चांगले येणारच. पण तो धडा यावा हाच जर उद्देश असेल, तर त्या पेपरात गैर काय? उत्तर तुमच्या संशोधन प्रश्नावर अवलंबून आहे. 'मुलाला सतावणारी गोष्ट हलकी झाली का' असा प्रश्न असेल तर वायटीपी थेट त्यावर बोट ठेवतं. 'मुलांचं एकूण मानसिक आरोग्य सुधारलं का' असा असेल, तर फक्त वायटीपीवरून हो म्हणता येत नाही.

या चाचणीचं मला सगळ्यात पटलेलं वैशिष्ट्य म्हणजे दोन्ही साधनं आधी जाहीर केली होती आणि दोन्हींचे निकाल शेजारी-शेजारी छापले. एकच छापलं असतं, तर वाचणाऱ्याला अर्धीच गोष्ट कळली असती.

आकडा उतरला, पण कशानं?

दिल्लीच्या चाचणीत नियंत्रण गट होता. तुमच्यापैकी बहुतेकांच्या अभ्यासात तो नसेल. वीस-पंचवीस क्लायंट, आधी एकदा आणि नंतर एकदा मोजणी, मग टी-टेस्ट. या रचनेत वैयक्तिक प्रश्नावली वापरली, तर आकडा जवळजवळ नक्की उतरेल. म्हणूनच सावध राहायचं.

पहिलं कारण: त्रासांची निवड. आपण क्लायंटला विचारतो, सध्या सर्वांत जास्त काय छळतंय? म्हणजे जे त्रास त्या आठवड्यात शिखरावर आहेत, तेच कागदावर येतात. रात्री ताप चढलेला असतानाच मोजला, तर पुढची नोंद बहुधा खालचीच येणार, मग औषध दिलेलं असो वा नसो. याला सरासरीकडं परतणं म्हणतात. छापील फॉर्ममध्येही ते असतं, पण इथं साधनाची रचनाच शिखरं वेचणारी आहे. नियंत्रण गट असेल तर हा परिणाम दोन्हीकडं सारखाच होतो आणि वजा होऊन जातो. नसेल, तर तो सगळा समुपदेशनाच्या खात्यात जमा होतो.

दुसरं कारण: भीड. ज्या व्यक्तीनं सहा आठवडे आपलं ऐकून घेतलं, तिच्यासमोर बसून 'काहीच फरक नाही' असं लिहायला आपल्याकडं जड जातं. "एवढं केलं त्यांनी, आता कसं सांगू?" त्यात हा कागद दोघांनी मिळून बनवलेला असतो, म्हणून इथं भीड जास्त असणार असा माझा अंदाज आहे. दिल्लीत गुण घेणाऱ्यांना मूल कुठल्या गटातलं हे माहीत नव्हतं. ही चांगली काळजी होती. मुलांना मात्र आपल्याला समुपदेशन मिळालं हे माहीत असणारच. ते झाकणं कोणालाच शक्य नव्हतं.

तिसरं कारण: शब्दांची घडण. "मी आळशी आहे" असं क्लायंट म्हणतो. मुलाखतकार ते वाक्य बदलायला मदत करतो: "सकाळी उठून कामाला लागता येत नाही." हे योग्यच आहे, कारण पहिलं वाक्य स्वभावाचा शिक्का आहे आणि दुसरं मोजता येतं. पण बदलता येईल असा त्रास निवडायचा, या नियमात एक गाळणी लपलेली आहे. "फी भरायला पैसे नाहीत" हा त्रास बोलून सुटत नाही, म्हणून तो हळूच यादीबाहेर जातो किंवा "फीचा विचार करून झोप लागत नाही" असा होतो. मग उरलेल्या यादीवर सुधारणा दिसते. कागदावर क्लायंटचा आवाज असतो हे खरं, पण त्याला मुलाखतकाराच्या हाताचं वळण असतं.

याशिवाय त्रास स्वतःही बदलतो. 'झोप येत नाही' म्हणून आलेला माणूस पाचव्या भेटीत म्हणतो, झोपेचं जाऊ द्या, खरं दुखणं भावाशी तुटलेलं बोलणं आहे. जुना कागद तसाच ठेवला तर खरी गोष्ट सुटते. नवी ओळ घेऊन जुनी काढली तर आधी-नंतरची तुलनाच मोडते. 'सायक्लॉप्स'नं यासाठी पुढच्या भेटींच्या फॉर्ममध्ये, मध्यंतरी काही नवीन त्रास महत्त्वाचा झाला का, हे वेगळं विचारलं आहे. उपाय साधा आहे: नवी ओळ जोडा, जुनी खोडू नका, आणि तुलना मूळ ओळींवरच करा.

सरासरी आणि अल्फाचा घोळ

एका मुलाचे तीन त्रास: परीक्षा, वडिलांचं दारू पिणं, एकटेपणा. दुसऱ्याचे: चेहऱ्यावरचे फोड, मैत्रिणीशी भांडण, राग. दोघांचीही सरासरी ६. दोघं सारखेच त्रासात आहेत, असं म्हणता येईल का? नाही. पहिल्याचा ६ त्याच्याच आधीच्या ८ शी ताडायचा आहे. मूळ पद्धतीचा हेतूच 'एका माणसातला बदल' हा होता. त्या बदलांची गटभर सरासरी काढता येते, दिल्लीत तेच केलं आहे. पण दोन व्यक्तींना किंवा दोन शहरांना आरंभीच्या गुणांवरून कमी-जास्त त्रासाचं ठरवायला हा आकडा वापरू नका.

आता सल्लागार समितीसमोर हमखास येणारा प्रश्न: "क्रॉनबॅक अल्फा किती?" सगळ्यांनी तीच विधानं सोडवली असतील, तर ती एकाच गोष्टीकडं बोट दाखवतात का, हे अल्फावरून कळतं. इथं ओळ क्रमांक १ प्रत्येकाची वेगळी. सॉफ्टवेअर अल्फा काढून देईल, त्याला काय! पण त्याचा अर्थ फक्त इतकाच: एका ओळीला जास्त गुण देणारा माणूस बाकीच्या ओळींनाही साधारण जास्तच देतो. समितीला हे शांतपणे समजावून सांगा, आणि त्यापेक्षा नेमक्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा: किती फरक पडला तर तो मोजणीतल्या हेलकाव्यापेक्षा मोठा मानायचा? इलियट यांच्या प्रश्नावलीसाठी २०१६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सरासरीत १.६७ गुणांचा फरक सुचवला आहे. म्हणजे ५.२ वरून ४.४ वर आलेल्या क्लायंटला 'सुधारला' म्हणायची घाई करू नये. तो आकडा त्या दहा ओळींच्या, १ ते ७ गुणांच्या साधनाचा आहे. ० ते १० च्या वायटीपीवर तो उचलून लावू नका.

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं?

वापरा, पण एवढं करा:

• संशोधन प्रश्न आधी लिहा. 'या माणसाचा त्रास' की 'या गटाचं मानसिक आरोग्य', हे एका वाक्यात स्पष्ट करा. साधन त्यानंतर ठरतं.

• वैयक्तिक प्रश्नावलीसोबत एक छोटा प्रमाणित फॉर्म ठेवा. आणि दोघांचं जमलं नाही तर त्याचा अर्थ काय लावणार, तेही माहिती गोळा करण्याआधी लिहून ठेवा. नंतर सुचलेलं स्पष्टीकरण नेहमी आपल्याच बाजूचं असतं.

• उपचार सुरू होण्याआधी एकदा नव्हे, दोन-तीन वेळा गुण घ्या. आपोआप उतरणारा ताप तिथंच दिसून येतो.

• गुण समुपदेशकासमोर घेऊ नका. दुसऱ्या व्यक्तीनं घ्यावेत, किंवा क्लायंटनं भरून लिफाफ्यात द्यावेत.

• क्लायंटनं पहिल्यांदा उच्चारलेलं वाक्य आणि कागदावर ठरलेलं वाक्य, दोन्ही जपून ठेवा. मधल्या प्रवासात काय गळलं, हा स्वतंत्र शोधनिबंधाचा विषय होऊ शकतो. नाव-गाव मात्र काढून टाका. स्वतःच्या शब्दांतला त्रास छापला की माणूस ओळखू येतो, हे एथिक्स कमिटीच्या अर्जातही लिहा.

• गट लहान असेल तर सरासरीच्या मागं लागण्यापेक्षा एकेका क्लायंटचा आठवड्यागणिक आलेख काढा. हे साधन जन्मलंच त्यासाठी.

शेवटी एक गोष्ट. दिल्लीतल्या त्या शाळांमध्ये कुणा मुलाचा परीक्षेचा धसका कमी झाला असेल, तर एसडीक्यू हललं नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. आणि वायटीपी हललं म्हणून असा कार्यक्रम सगळ्या शाळांत न्यायला पुरेसा पुरावा मिळाला, असंही होत नाही. या दोन वाक्यांमधलं अंतर नीट ओळखून लिहिता येणं, हेच आपलं काम. कुणी अशी प्रश्नावली मराठीतून वापरत असेल, तर गुणांच्या पट्टीवर 'थोडा', 'बराच', 'अतिशय' यांच्याऐवजी कोणते शब्द ठेवले आणि लोकांनी ते कसे वाचले, हे जरूर कळवा. मला त्याची खरंच गरज आहे.